बिनआवाजाचा पंप

"आता हा ऐका," म्हणत शू-फेननं काउंटरवरच्या पाण्याच्या टाकीला तिसरा पंप जोडला आणि कळ दाबली.

थिएन-लाय वाकला. पंपाला कान टेकेल इतका वाकला. पहिल्या पंपाला तो म्हणाला होता, म्हातारी सुपारी चघळतेय. दुसऱ्याला म्हणाला, हवालदार घोरतोय, चोर पळाला. आजूबाजूची गिऱ्हाइकं हसली होती. या वेळी मात्र तो बराच वेळ तसाच राहिला.

"हा गप्प आहे," तो शेवटी म्हणाला. "सून असावी तर अशी."

"आबा, मालकीणबाई ऐकतायत," त्याचा मुलगा पो-युआन पुटपुटला.

"मग काय झालं? त्याही कुणाच्या तरी सून असतील."

"होते," शू-फेन म्हणाली. "गप्प नव्हते. म्हणून तर आज हे दुकान माझं आहे."

म्हातारा खूश झाला. तैपेईच्या या कॉम्प्युटरच्या बाजारात शिरल्यापासून पहिल्यांदाच त्याला बोलायला कुणी तोडीचं भेटलं होतं.

"पण भाऊ, कॉम्प्युटर गार ठेवायला इतका शांत पंप कशाला?" शू-फेननं पो-युआनला विचारलं.

"आबांचा आवाज भरायचाय. मशीन आणि माइक एकाच खोलीत. दुसऱ्या खोलीत बाहुल्यांच्या पेट्या आहेत."

"हातात घालून नाचवायच्या बाहुल्या? देवळापुढं खेळ असतो, त्या?" तिनं म्हाताऱ्याकडं नीट पाहिलं. "काका, त्यात बोलता तुम्ही?"

"सगळे मीच," थिएन-लाय म्हणाला. "सेनापती मी, विदूषक मी. नवरी मी आणि नवरीची आजीही मीच. पोरगं म्हणालं, आवाज जपून ठेवू. म्हटलं, ठेव."

"नुसतं जपून ठेवायला पाणी कशाला खेळवायचं? साधा पंखा पुरे. मशीन दिवसरात्र राबणार असेल तरच ही उस्तवार."

पो-युआन हातातली नळी उगाच वाकवून बघत राहिला. "राबणारच आहे. दोन ग्राफिक्स कार्डं आहेत. त्याला शिकवायचंय."

"कुणाला?" थिएन-लायनं विचारलं.

"मशीनला, आबा. तुमचा आवाज."

शू-फेननं तोवर फिरतं पाणी निववायचे दोन रेडिएटर काढून शेजारी शेजारी मांडले होते. "मग तांब्याचाच घ्या. हा अ‍ॅल्युमिनियमचा हलका आहे, दिसतोही बरा. पण कार्डावर बसतो तो ठोकळा तांब्याचा. ही दोघं एका पाण्यात नांदत नाहीत. एक दुसऱ्याला खातं."

"कोण कुणाला?"

"झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम, काका. बाहेरून काही कळत नाही."

थिएन-लायनं मान हलवली. मग मुलाकडं वळला. "शिकून झाल्यावर काय करणार ते?"

"बोलणार. पुढच्या जत्रांपासून. बाहुल्या तुम्हीच नाचवायच्या. घशाला तेवढा आराम."

"म्हणजे मी दुसरा हात."

"तसं कुठं म्हणालो मी?"

"आपल्यात बोलतो तो पहिला हात. नुसता हात घालून उभा राहतो तो दुसरा. माझ्या बापाच्या डावीकडं मी दुसरा हात म्हणून उभा राहिलो, तेव्हा मला मिसरूडही फुटलं नव्हतं."

पो-युआननं आवाज खाली आणला. "भूमिदेवाच्या जत्रेत नवरी आजीच्या आवाजात बोलली, आबा. दोनदा."

"ऐकायला होतं कोण? एक कुत्रं आणि देव."

"आणि देवळाचा कारभारी. म्हणाला, पुढच्या वर्षी पडदा लावून सिनेमा दाखवू. देवाला तोही चालतो."

 म्हाताऱ्यानं उजवा हात काउंटरच्या वर धरला. बाहुली नव्हती. तर्जनी ताठ झाली, ते डोकं. अंगठा आणि मधलं बोट किंचित झुकली, ते हात. डोकं हळूच खाली गेलं, जसं लाजून जातं, आणि त्या उघड्या बोटांतून एक कोवळी मुलगी बोलू लागली.



नदीपल्याड दिवा लागला,
अल्याड माझी वाट;
होडी ज्याची त्यानं नेली,
मला उरला घाट.

शेजारच्या गाळ्यात पेचकस फिरवणारा थांबला. हेडफोन निवडणाऱ्या दोघी मागं वळल्या. आवाजात ना चरा होता, ना वय होतं. पारदर्शक टाकीत पाणी फिरत होतं आणि त्या पाण्याकडं बघत शू-फेन उभी राहिली. पुसायचं फडकं तिच्या हातातच राहिलं.

पो-युआनचे डोळे भरून आले होते. ते लपवावेत हेही त्याला सुचलं नाही. त्यानं घाईघाईनं खिशातून फोन काढला आणि बापाच्या तोंडापुढं धरला.

"हाच, आबा. हाच आवाज पाहिजे. परत एकदा म्हणा."

थिएन-लायची बोटं मिटली. हात खाली आला आणि पुन्हा म्हाताऱ्याचा हात झाला.

"एका खेळात नवरी एकदाच येते," तो म्हणाला.

हे तो स्वतःच्या आवाजात म्हणाला. तो आवाज कुणी भरून मागितला नव्हता. इतका बारीक, इतका घासलेला, की काउंटरपलीकडं पोचलाच नाही.

शू-फेननं पंप बंद केला.

"काय म्हणालात, काका?"