खड्डा

आंबा घाट उतरलो आणि काय सांगू तुम्हाला, कोवळं ऊन, नवाकोरा गुळगुळीत रस्ता, हेल्मेटच्या आत मी जोरजोरात गात होतो! निनादची गाडी माझ्या मागं. आमच्या ग्रुपचं ठरलेलंच आहे ना, पुढच्यानं डावा पाय बाहेर काढला की डावीकडं खड्डा. मागच्यानं लगेच उजवीकडं घ्यायची, विचार करत बसायचं नाही.

तीन तास बसून माझ्या डाव्या पायाला मुंग्या आल्या होत्या रे. मी तो नुसता लांब केला आणि झटकला. एवढंच! तेवढ्यात समोरून दुधाचा टेम्पो आला, माझ्या बाजूनं गेला आणि मागं धाडकन आवाज झाला.

काल दवाखान्यात गेलो होतो. निनादला कमरेखाली काहीच कळत नाहीये. आता गाडी कायमची सुटली, असं डॉक्टर म्हणाले. आणि हा गडी मला बघून हसला!

"भावा, खड्डा केवढा होता रे?"

खरं सांगायचं ठरवूनच गेलो होतो, आईशप्पथ. पण शेजारी काकू बसल्या होत्या. तोंडातून निघालं, "लई मोठा होता."

"बघ आई! ह्यानं पाय काढला नसता तर मी जाग्यावर गेलो असतो."

काकू उठल्या. डोळे भरलेले. माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.