पहाटवाला

“सुई घेणार नाही म्हणजे नाही,” बाबा म्हणाले आणि त्यांनी हात चादरीखाली ओढून घेतला.

नर्स इन्सुलिन भरून तशीच उभी. डॉक्टर मॅडमनी आधी समजावलं, मग दटावलं, मग हात टेकले. साखर आभाळाला भिडली होती. उजव्या पायाचा अंगठा काळा पडला होता आणि ते काळं आता वर सरकत होतं. “साखर उतरल्याशिवाय पायाला हात लावता येत नाही,” मॅडम आईला म्हणाल्या. “आणि ते शुद्धीत आहेत तोवर त्यांच्या होकाराशिवाय मला काही करता येत नाही. शुद्ध गेल्यावर फार उशीर होईल. यांना सुई सोडायला सांगितलं तरी कोणी?”

आईने लेकीकडे पाहिलं. त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

लेक दहावीत. घरात तिला चाळणीबाई म्हणत. इंटरनेटवर लिहिणारे पैशाला पासरी, त्यातलं कोण रोज वाचण्याजोगं हे ठरवण्याचं खातं तिच्याकडे होतं. नाव बाबांनीच ठेवलेलं. बाबा शिंपी. कापड मुठीत चुरगाळून सोडलं की त्यांना कळायचं, हे धुतल्यावर आटणार की टिकणार. चाळणीबाईला वाटायचं, आपलंही अगदी तस्संच. मथळ्यातच बोंब मारणारा बाद. गोड बोलत बोलत चूर्णाची बाटली पुढे करणारा बाद. दुसऱ्याचं ढापणारा तर उभ्या उभ्या बाद. आणि सगळ्यात बारीक चाळण शेवटी: दांड्या मारणारा बाद. ज्याला स्वतःची वेळ पाळता येत नाही, त्याच्यासाठी आपण का डोळे फोडायचे?

बाबांना साखरेचा आजार, म्हणून सुट्टीभर तिने त्याच विषयावर लिहिणारे चाळले. एक डॉक्टरीण होती. लिहायची छान, पण वेळेचा ठिकाणा नाही. कधी ताप, कधी बदली, कधी ‘मागच्या वेळी मी अर्धवट सांगितलं, ते दुरुस्त करते.’ बाद. एक कारकून स्वतःच्याच साखरेवर लिहायचा. एकदा ‘काल गोडावर ताव मारला, लाज वाटते’ असं लिहून जो गायब झाला, तो महिनाभर तोंड दाखवेना. बाद!

उरला पहाटवाला. निवृत्त शाळामास्तर. ना बोंब, ना विक्री. इन्सुलिन सोडलं, चालणं आणि उपास धरले, त्याची साधी हकिगत. रोज पहाटे. एक वेळ कोंबडा चुकेल, हा चुकायचा नाही.

“पास!” चाळणीबाईने बाबांच्या फोनवर त्याला लावून दिलं. “बाबा, जगात एकच माणूस वाचायचा असेल ना, तर हा.”

“छान लिहितो म्हणजे खरं लिहितो का गं?” आईने तेव्हा विचारलं होतं.

“आई, तू रोज खोटं बोलून बघ. चार दिवसांत पकडली जाशील.”

बाबा मशीनवर बसल्या बसल्या खो खो हसले होते. तोंडात दोरा, तरी हसले. आणि त्याच आठवड्यात त्यांनी सुई सोडली. पुढे कधीतरी दुकानात पायात टाचणी घुसली, ती त्यांना कळलीच नाही.

आता ती खाटेवर वाकली. “बाबा, तुम्हाला माझी शपथ. घ्या ना.”

“त्याने सोडली, त्याला झालं का काही?” बाबांना धाप लागली होती. “मधे असं होतं म्हणून त्यानेच लिहिलंय. इथे कच खाल्ली की केलेलं सगळं पाण्यात.” ते थांबले, दम घेतला. “तो घे म्हणाला तर घेईन. तुझ्या डॉक्टरांचं नको सांगूस.”

ती व्हरांड्यात धावली. इतके दिवस त्याला वाचलं, पण लिहिलं कधीच नव्हतं. ‘काका, माझे बाबा तुमचं वाचून सुई घेत नाहीयेत. ते फक्त तुमचं ऐकतील. एकच ओळ लिहा, सुई घ्या म्हणून. पाया पडते.’

भिंतीला टेकून ती पडद्याकडे बघत राहिली. उत्तर आलं.

‘बाळा, मी त्यांची बायको. हे गेले. सुई सोडली त्याच वर्षी. मास्तर होते, अख्ख्या वर्षाचे पाठ आधीच काढून ठेवायची सवय. तसंच त्यांनी इथलंही पुढचं सगळं लिहून, तारखा लावून ठेवलं होतं. कुठल्या दिवशी कसं वाटेल, तेसुद्धा. ते आपलं आपण येत राहतं. मला बंद करता येत नाही, आणि खरं सांगू, करवतही नाही. घरात त्यांचं तेवढंच उरलंय. तुझ्या बाबांना आत्ताच्या आत्ता सुई दे.’

ती आत धावली. खाटेशी उभं राहून तिने ते मोठ्याने वाचलं, शब्द न् शब्द. आईने तोंडावर हात धरला. नर्सने सिरिंज पुन्हा उचलली.

बाबा छताकडे बघत होते. मग चादर हलली. हात बाहेर आला. नर्स पुढे झाली, पण हात तिला ओलांडून उशीखाली गेला आणि फोन घेऊन बाहेर आला.

“वेडी गं माझी पोर. बापाला वाचवायला काय काय रचशील!” बाबा कौतुकाने म्हणाले आणि त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. “हे बघ, आज पहाटेच लिहिलंय त्याने, आता पाय अजिबात दुखत नाही म्हणून.”