रविवारचंच पंक्चर

"केदारीमामा, रस्त्यावर खिळे तुम्हीच टाकता काय हो?"

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून ऋतिकानं पंक्चरवाल्याला विचारलंच एकदाचं. शाळेला जाताना टणटणीत असणारं सायकलचं चाक रविवारी पहाटे, जांबोटीच्या राईडला निघताना मात्र हमखास बसलेलं असायचं. मैत्रिणी पुढं निघून जायच्या आणि ही गल्लीत पंप मारत बसायची. असे तीन रविवार गेले.

केदारीमामांनी खो खो हसत ट्यूब पाण्यात बुडवली. एकही बुडबुडा आला नाही.

"पंक्चर न्हायच गं ही. कोणतरी हवा सोडतंय. व्हॉल्वची टोपी कुठाय?"

"दर रविवारी नवी हरवती, मामा."

पाय आपटत ती घरी पोचली. सोप्यात तिचे वडील, आप्पा, शेजाऱ्यांना रंगवून सांगत होते, "आमची ऋतिका सायकलवरनं एकटी जांबोटीचं जंगल पार करणार बघा! लई धीट पोरगी!" सायकलही त्यांनीच हौसेनं घेतलेली.

तिला बघताच म्हणाले, "आलीस व्हय? जरा माझी सुपारीची डबी आण गं."

ऋतिकानं डबी उघडली. सुपारीच्या खांडांत तीन काळ्या टोप्या होत्या.



जेवताना तिनं जाहीर केलं, "आई, येत्या रविवारी मी जांबोटीला जाणार म्हणजे जाणार. आणि आप्पा, तुमच्या जिवाला घोर नको, तुम्ही स्कूटरवरनं माझ्या मागं यायचं, पंप घेऊन!"