गटाची शेळी

बाळाबाई रानातून घरी आली तर शेळीचा खुंट रिकामा दिसला. "त्रिंबकनं सांगोल्याच्या बाजारात नेलीया," सासू खाली मान घालून म्हणाली. "भाच्याच्या लग्नात आहेर कमी पडाय नगं म्हनं."

बचत गटातून कर्ज काढून घेतलेली, आता गाभण असलेली ती शेळी म्हणजे बाळाबाईच्या स्वतःच्या मालकीची पहिलीच चीज होती. पदर खोचून तिनं मिळेल ती जीप गाठली. बाजार उठत आला होता. निघायला टेकलेल्या एकेका टेम्पोत ती वाकून बघत सुटली. शेवटी लिंबाखाली नवरा दिसला, तोंड पाडून बसलेला. शेजारी शेळी निवांत पाला चघळत होती.

बाळाबाई मटकन खाली बसली आणि शेळीच्या गळ्यात हात टाकून रडायलाच लागली.

"इकली न्हाय व्हय?" डोळे पुसत तिनं विचारलं.

"कोन घेतंय?" त्रिंबक वैतागून म्हणाला. "समदा बाजार पालथा घातला. कानातला गटाचा बिल्ला बघितला की जो तो म्हनतोय, आदी बायकूला घिऊन ये."

"आन् त्यो आण्णा व्यापारी? त्यो तर कायबी घेतो की."

"त्यानं तर हातच जोडले. म्हनला, 'माझी बायकूच आमच्या गावच्या गटाची अध्यक्ष हाय. मला सांच्याला घरी जेवायचं हाय, बाबा!'"