मातृभक्तीचं प्रात्यक्षिक

“आईचे पाय धुवा, यश तुमचे पाय धुईल,” ल्यान गुरुजी कन्फ्यूशियसच्या वतीनं चीनभर सांगत. आज जीनान शहरातल्या सभागृहात व्यापाऱ्यांसमोर त्यांनी गावाहून आणवलेल्या आईला खुर्चीवर बसवलं, गुडघे टेकले आणि तिचे पाय वाफाळत्या पाण्यात सोडले. मग स्वतःचा हात घातला आणि चटक्यासरशी मागे ओढला. आईची पावलं लालबुंद झाली होती. आई हसतच होती. “अगं, ओरडली का नाहीस?” “मला कुठं कळतंय? शुगरनं पाय कधीचे बधिर झालेत,” ती कुजबुजली. “फोनवर सांगितलं होतं की. तू म्हणालास, मातृभक्तीवर भाषण लिहितोय, नंतर बोलू.” त्यांनी तिचे पाय घाईनं बाहेर काढले. व्यापारी माना उंचावून बघू लागले. आईनं पाय पुन्हा बुडवले. “धू बाळा, लोक बघतायत.” शरमेनं गुरुजींचं कपाळ जमिनीला टेकलं. सभागृह आदरानं उभं राहिलं.