गुरुवारची लाईट

स्वरूपाने अख्खा दिवस आराम केला. हे वाक्य चुकून पडलं, असं काही झालंच नाही.

चाकणच्या कंपनीत गाड्यांच्या वायरी जोडून, ओव्हरटाइम करून तिने स्वतःच्या पैशाने वॉशिंग मशीन घेतलं. शिफ्टच्या दिवसांत साठलेलं धुणं सुट्टीच्या दिवसावर जायचं. कंपनीची सुट्टी गुरुवारी, कारण गुरुवारी कंपनीसकट अख्ख्या भागाची लाईट जाते. म्हणजे ती घरी असली की मशीन बंद, आणि मशीनला लाईट असली की ती कंपनीत. नवरा गणराज कारखान्यात पत्रा दाबायचा शंभर टनी प्रेस चालवायचा, पण वॉशिंग मशीनचं बटण काही त्याला जमेना.

त्या गुरुवारी ती अंगात ताप घेऊन धुण्याला बसली होती. गणराज मशीनवर तिचीच जुनी साडी घालत म्हणाला, "आठवड्यातनं एक दिवस मशीनला पण आराम पायजे बघ. नायतर जळून जातंय."

तेवढ्यात फोनवर नेहमीचा मेसेज आला, देखभालीसाठी आज वीजपुरवठा बंद राहील. त्या नंबरावर उत्तर जात नाही, तरी तिने ओल्या बोटांनी लिहिलं,



"महोदय, पुढच्या गुरुवारी देखभालीसाठी मलाही बंद ठेवावे, ही नम्र विनंती."