वजाचं चिन्ह

उद्या बारावीचा गणिताचा पेपर, म्हणून आरोही वही घेऊन तेर गावच्या बिराजदार सरांकडं आली. त्यांनीच तिला दीड वर्ष गणित शिकवलं होतं. पण दिवाळीत सरांना अर्धांगवायूचे लागोपाठ दोन झटके आले आणि त्यांची वाचा गेली, हातच काय, मानही हलेनाशी झाली. नजर तेवढी शाबूत होती. खाटेशेजारी बसून तिनं इंटिग्रेशनची पाच गणितं सोडवून दाखवली. साइनचं इंटिग्रेशन वजा कोसाइन; पण प्रत्येक उत्तरात ती ते वजाचं चिन्ह विसरत होती. सरांनी जिवाच्या आकांतानं बोलायचा प्रयत्न केला, पण घशातून नुसती घरघर उमटली. “पाणी पाहिजे का वो?” म्हणत त्यांच्या पत्नीनं, काकूंनी, चमच्यानं पाणी पाजलं. ते हनुवटीवरून ओघळलं. आरोही पाया पडली. “तुम्ही शिकवलं तसंच सोडवलं, सर. उद्या पैकीच्या पैकी!” सरांचे डोळे वाहू लागले. काकूंनी ते पदरानं पुसले. “लई कौतुक वाटलं बघ यांला तुझं, पोरी.”